वाडा एक, बिऱ्हाडे अनेक

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीची ओळख मोटारी, इंजिनांचे सुटे भाग आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांनी घडवली असून, शहरातील ‘मायको सर्कल’ या चौकाच्या नावातसुद्धा अशाच एका कारखान्याचे जुने नाव टिकून राहिले आहे. याच वसाहतीत ईएसडीएस या, २००५ साली स्थापन झालेल्या संगणकसेवा कंपनीचे मुख्यालय आणि विदाकेंद्र, म्हणजे रूढ भाषेत डेटा सेंटर, आहे. पीयूष सोमाणी यांनी उभारलेल्या या कंपनीची अशी केंद्रे पुढे नवी मुंबई आणि बेंगळुरू येथेही झाली. कारखान्याच्या फाटकातून भरलेले ट्रक बाहेर पडतात, डेटा सेंटरमधून फक्त उत्तरे बाहेर पडतात: खात्यात शिल्लक किती, अर्ज कुठवर आला, उतारा कोणाच्या नावावर आहे. ही उत्तरे देणारे सॉफ्टवेअर अनेकदा स्वतःच्या स्वतंत्र यंत्रावर राहत नाही, तर एकाच लोखंडी पेटीत थाटलेल्या अनेक आभासी घरांपैकी एका घरात राहते. आणि त्या घरातून जाळ्यावर दिल्या जाणाऱ्या सेवा सुरू करणे, थांबवणे, पडल्या तर उठवणे आणि एकमेकींच्या वाटेत येऊ न देणे हे काम साध्या यंत्रावरील त्याच कामापेक्षा बरेच निराळे असते.

‘सेवा’ किंवा सर्व्हिस म्हणजे येथे एखादा असा प्रोग्रॅम की जो पडद्यावर काहीही न दाखवता पार्श्वभूमीत जागा राहतो, जाळ्यावरून कोणी विचारणा केली की उत्तर देतो आणि पुन्हा वाट पाहत बसतो. एका यंत्रावर अशा अनेक सेवा असतात, म्हणून प्रत्येकीला एक क्रमांक दिलेला असतो, त्याला पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात आणि त्यांपैकी काही ठरून गेलेले आहेत. सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३, नावावरून पत्ता शोधण्यासाठी ५३, व्यवस्थापकाने दूरवरून यंत्रात शिरण्यासाठी २२, घड्याळ जुळवण्यासाठी १२३. नागरिकाने सातबाऱ्यासाठी संकेतस्थळ उघडले की त्याला एकच पान दिसते, परंतु त्या पानामागे संकेतस्थळाची सेवा, माहितीसाठ्याची सेवा, नावांची सेवा आणि वेळेची सेवा अशी चार-पाच मंडळी एकमेकांशी बोलत असतात. बँकेच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा सर्व्हर धडधाकट असतो; त्याच्यातील एखादी सेवा पडलेली असते, किंवा, जे शोधायला त्याहून कठीण असते, ती चालू असते पण तिच्यापर्यंत पोचण्याची वाट बंद झालेली असते.

एका यंत्रात अनेक यंत्रांचा भास निर्माण करण्याच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. पहिल्या पद्धतीत हायपरव्हायझर नावाचे एक पातळ सॉफ्टवेअर यंत्राच्या साधनांचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यावर संपूर्ण, स्वतंत्र कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बसवली जाते. आयबीएमने १९७२ साली मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही अशी व्यवस्था बाजारात आणली होती, तेव्हा ही कल्पना क्लाउड या शब्दापेक्षा बरीच वयस्क आहे. एका भूखंडावर स्वतंत्र बंगले बांधावेत, प्रत्येकाचा पाया वेगळा, टाकी वेगळी, असा हा प्रकार होय. दुसऱ्या पद्धतीत कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो एकच राहतो आणि त्याच्यावर अनेक बंदिस्त आवारे आखली जातात. आत राहणाऱ्या प्रोग्रॅमला स्वतःच्या फाइली, स्वतःच्या प्रक्रिया आणि स्वतःचा पत्ता एवढेच दिसते. शेजारी कोणी आहे हे त्याला कळत नाही. गोदाकाठच्या जुन्या नाशिकमधील वाड्यांची रचना ज्यांना माहीत आहे, त्यांना ही दुसरी पद्धत चटकन समजेल. छप्पर एक, पाया एक, आड एक, दिंडी दरवाजा एक, आणि आत चौकाभोवती पाच-सात बिऱ्हाडे, प्रत्येकाची चूल निराळी.

या दुसऱ्या पद्धतीचा इतिहास लहान लहान पायऱ्यांनी पुढे सरकला आहे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ नावाची सोय आली, जिच्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमला फाइलींच्या झाडाची एकच फांदी संपूर्ण झाड म्हणून दाखवता येऊ लागली. तिचा हेतू सुरक्षिततेचा नव्हता आणि भिंत म्हणून ती कच्चीच होती. खरी भिंत २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये उभी राहिली. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांनी लिहिलेल्या या व्यवस्थेला ‘जेल’ असे नाव मिळाले, आणि तिच्यामागे अनेक ग्राहकांच्या सेवा एकाच यंत्रावर ठेवणाऱ्या एका व्यावसायिकाची अगदी व्यवहारी निकड होती. २००५ च्या जानेवारीत सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिस १० मध्ये ‘झोन’ आणले. लिनक्समध्ये प्रक्रियांच्या गटाला साधनांची मर्यादा घालणारे, गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेले ‘सीग्रुप’ २००८ मध्ये गाभ्यात सामील झाले, २०१३ मध्ये डॉकरने हा सगळा सरंजाम सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती दिला, आणि तेव्हापासून ‘कंटेनर’ हा शब्द न्हावाशेवा बंदरापेक्षा संगणकाच्या पडद्यासमोर जास्त वेळा उच्चारला जाऊ लागला असावा.

वाड्यातील भाडेकरूंची भांडणे सहसा खोलीच्या आत होत नसत. ती होत आडावर, न्हाणीघरापाशी, जिन्याखालच्या जागेवरून आणि रात्री दिंडी कोणी लावायची यावरून. संगणकातील वाड्याचेही तसेच आहे. भिंती कशा घातल्या आहेत याचे वर्णन माहितीपत्रकांत ठळक अक्षरांत असते, परंतु सेवा चालवणाऱ्याची रात्रीची झोप ज्या कारणांनी मोडते ती बहुतेक कारणे भिंतींनी न विभागलेल्या, सामायिक राहिलेल्या गोष्टींत सापडतात. म्हणून एखादी आभासी व्यवस्था समजून घेताना तिने काय वेगळे केले याच्याइतकेच तिने काय वेगळे केलेले नाही हेही नेमके विचारून घ्यावे लागते.

घड्याळ हे याचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. वेळ जुळवणारी सेवा जाळ्यावरील प्रमाण घड्याळांना विचारून यंत्राची वेळ दुरुस्त करते, आणि साध्या यंत्रावर ती बसवणे हा नेहमीच्या कामाचा भाग असतो. परंतु कंटेनरच्या आत तीच सेवा बसवली तर ती सुरू होते, प्रमाण वेळ विचारून आणते आणि ती लावण्याची वेळ आली की अडते, कारण भिंतीवरचे घड्याळ संपूर्ण वाड्याचे मिळून एकच असते आणि त्याचे काटे फिरवण्याची परवानगी भाडेकरूला नसते. लिनक्सच्या गाभ्यात २०२० साली वेळेसाठी वेगळे आवार करण्याची सोय आली खरी, पण ती यंत्र सुरू झाल्यापासून मोजल्या जाणाऱ्या काळापुरती आहे, दिनांक आणि तास-मिनिटांच्या घड्याळाला ती लागू नाही. त्यामुळे वेळेची सेवा यजमान यंत्रावर, म्हणजे होस्टवर, एकदाच आणि नीट चालवावी लागते. ती तेथे चुकली तर सगळ्या बिऱ्हाडांचे घड्याळ एकसारखेच चुकते, आणि व्यवहारांच्या नोंदींवर वेळ छापणाऱ्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरला आपण चुकत आहोत याचा पत्ता लागायलाही मार्ग उरत नाही.

पाया सामायिक असण्याची बाजू अधिक गंभीर आहे. गाभ्यातच दोष सापडला तर भिंती जागच्या जागी राहूनही निरुपयोगी ठरतात. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालेला ‘डर्टी काऊ’ हा लिनक्सच्या गाभ्यातील दोष असा होता, आणि त्याचा वापर करून कंटेनरमधून बाहेर पडता येते हे दाखवले गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत तर कंटेनर सुरू करून देणाऱ्या ‘रनसी’ या साधनातच असा दोष निघाला की आतील दुष्ट प्रोग्रॅम यजमानाचे ते साधनच बदलून टाकू शकत होता. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन ग्राहकांना शेजारी ठेवताना सेवापुरवठादार त्यांना स्वतंत्र व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रे, देतात आणि एका ग्राहकाचे कंटेनर त्याच्या स्वतःच्या व्हीएमच्या आत राहू देतात ते याच कारणाने. बंगल्याच्या आत वाडा, अशी ही काहीशी चमत्कारिक पण समंजस रचना आहे.

सेवांचा सर्वाधिक गोंधळ दारापाशी होतो, आणि तेथे थोडे थांबणे योग्य ठरेल. सेवा सुरू होताना ती कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर ऐकणार हे गाभ्याला सांगते. पत्त्याच्या जागी चार शून्ये लिहिली तर त्याचा अर्थ ‘या यंत्राचे जेवढे पत्ते असतील तेवढ्या सर्वांवर’ असा होतो, आणि बहुतेक सेवा आळसाने म्हणा, सोयीने म्हणा, तसेच सांगतात. एकट्या यंत्रावर यात काही बिघडत नाही. फ्रीबीएसडीच्या मूळ जेल व्यवस्थेत मात्र जेलचा पत्ता हा यजमानाच्याच जाळेकार्डावर लावलेला एक जादा पत्ता असतो. आता यजमानाची दूरप्रवेश सेवा चार शून्यांवर ऐकत असेल आणि जेलमधील तीच सेवा काही कारणाने बंद असेल, तर जेलच्या पत्त्यावर बावीस क्रमांकाचे दार ठोठावणाऱ्याला यजमान दार उघडतो. व्यवस्थापकाला वाटते आपण तिसऱ्या बिऱ्हाडात शिरलो, आणि प्रत्यक्षात तो वाड्याच्या मालकाच्या दिवाणखान्यात उभा असतो. तेथे त्याने ‘सर्व सेवा थांबवा’ अशी आज्ञा दिली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून फ्रीबीएसडीच्या माहितीपुस्तिकेतच यजमानाच्या प्रत्येक सेवेला तिच्या स्वतःच्या पत्त्याशी बांधून घ्या असे बजावलेले आहे.

सोलारिसच्या झोनमध्ये हा सापळा टाळलेला होता: एका झोनमधील चार शून्ये म्हणजे त्या झोनचेच पत्ते, त्यामुळे दहा झोनमध्ये दहा संकेतस्थळे ऐंशी क्रमांकावर बिनतक्रार नांदू शकत. तेथे अडचण वेगळी होती. जाळ्याची यंत्रणा मुख्य, म्हणजे ‘ग्लोबल’, झोनच्या ताब्यात असल्यामुळे आतील झोनला स्वतःचा फायरवॉल लावणे, स्वतःचे मार्ग ठरवणे किंवा पत्ता आपोआप मागून घेणे शक्य नसे. भाडेकरूला कडी हवी असली तरी ती मालकानेच बसवून द्यायची. २००७ च्या सुधारित आवृत्तीत संपूर्ण जाळेयंत्रणाच एका झोनच्या हवाली करण्याची सोय आली, आणि मगच हे परावलंबन संपले.

डॉकरने तिसरा मार्ग घेतला. प्रत्येक कंटेनरला आतल्या आत एक खासगी पत्ता दिला जातो, एक आभासी तार त्याला यजमानातील आभासी पुलाशी जोडते, आणि बाहेरून येणाऱ्यासाठी यजमानाचे एखादे पोर्ट त्या आतील पोर्टकडे वळवले जाते. यालाच पोर्ट ‘पब्लिश’ करणे म्हणतात. ही रचना देखणी आहे, पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत ज्यांत नवखे हमखास पडतात. पहिला असा की १२७.०.०.१ हा ‘मी स्वतः’ या अर्थाचा पत्ता कंटेनरच्या आत कंटेनरपुरता असतो, यंत्रापुरता नव्हे. माहितीसाठा शेजारच्या कंटेनरमध्ये असताना प्रोग्रॅमला तो १२७.०.०.१ वर शोधायला सांगितले तर तो स्वतःचेच घर धुंडाळतो आणि ‘कोणी नाही’ असे सांगत परततो. दुसरा खळगा धोक्याचा आहे. लिनक्सवरील सोप्या फायरवॉल साधनांपैकी एकाने, यूएफडब्ल्यूने, व्यवस्थापक एखादे पोर्ट बंद करतो; परंतु डॉकर पब्लिश केलेल्या पोर्टसाठीचे वळणाचे नियम गाभ्याच्या तक्त्यात असे लिहितो की येणारी विचारणा त्या फायरवॉलच्या नियमांपर्यंत पोचण्याआधीच कंटेनरकडे वळते. दिंडीला कडी लावून मालक निवांत झोपतो आणि परसातले दार सताड उघडे राहते. फायरवॉलची यादी पाहिली तर तेथे ते पोर्ट बंदच दिसते. खरी स्थिती बाहेरच्या दुसऱ्या यंत्रावरून दार ठोठावून पाहिल्याशिवाय कळत नाही. पब्लिश करताना केवळ पोर्ट न लिहिता त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहिले की ते दार फक्त यजमानापुरते उघडते, एवढी साधी काळजी पुष्कळ नुकसान वाचवते.

दारानंतर प्रश्न येतो राखणदाराचा: सेवांना सकाळी उठवायचे कोणी, आणि मध्येच आडवी झाली तर हलवून जागे करायचे कोणी? जुन्या युनिक्समध्ये यंत्र सुरू होताना एकामागून एक आज्ञा चालवणाऱ्या लिखित याद्या असत, आणि सेवा एकदा सुरू झाली की यादीची जबाबदारी संपत असे. १९८६ च्या ४.३ बीएसडीमधील ‘इनेटडी’ हा थोडा हुशार द्वारपाल होता. तो अनेक सेवांच्या वतीने एकटाच दारात बसे आणि ज्या सेवेकडे पाहुणा आला असेल तिलाच उठवी. सोलारिस १० ने झोनच्या बरोबरीने सेवाव्यवस्थापनाची जी नवी पद्धत आणली, तिचे नाव एसएमएफ, ती या विषयातील महत्त्वाची पायरी मानली पाहिजे. तिच्यात प्रत्येक सेवेची ओळख, तिला आधी कोणती दुसरी सेवा लागते आणि ती पडल्यास काय करायचे हे सगळे एका कोठारात नोंदलेले असते. नावांची सेवा उभी राहिल्याशिवाय संकेतस्थळ उठवायचे नाही हे तिला सांगावे लागत नाही, नोंदीवरून ती ते जाणते. सेवा पडली तर ती पुन्हा उठवते, पण वारंवार पडू लागली तर हट्ट न करता तिला ‘मेंटेनन्स’ या अवस्थेत टाकून माणसाची वाट पाहते. प्रत्येक झोनला स्वतःचे वेगळे कोठार आणि वेगळा राखणदार मिळत असल्याने एका बिऱ्हाडातील गडबड दुसऱ्याच्या यादीत शिरत नाही. पुढे २०१० पासून लिनक्सवर आलेल्या सिस्टिमडीने यांतील बऱ्याच कल्पना उचलल्या. उचलल्या हे म्हणणे त्याच्या चाहत्यांना फारसे आवडत नाही, पण साम्य उघड आहे.

सोलारिसनेच २००६ च्या अखेरीस आणखी एक चांगला पायंडा पाडला. प्रणाली बसवताना ‘मर्यादित जाळेसेवा’ हा पर्याय निवडला तर दूरप्रवेशाची एक सुरक्षित सेवा वगळता बाकीच्या साऱ्या सेवा एकतर बंद राहत किंवा फक्त यंत्राच्या आतूनच उत्तर देत; ज्याला जी लागेल ती त्याने जाणीवपूर्वक उघडायची. त्यापूर्वी बहुतेक प्रणाली उलट वागत, सगळी दारे उघडी ठेवून देत आणि नको ती लावून घेण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवत. एका यंत्रावर पन्नास झोन असतील आणि प्रत्येकात वीस अनावश्यक सेवा चालू असतील, तर हजार उघडी दारे आणि हजार जागे प्रोग्रॅम होतात, हे गणित लक्षात घेतले की या साध्या निर्णयाचे मोल कळते.

डॉकरच्या कंटेनरमध्ये मुळात राखणदारच नसतो, हे अनेकांना उशिरा उमगते. तेथे जो प्रोग्रॅम प्रथम सुरू होतो तोच प्रक्रिया क्रमांक एक बनतो, आणि लिनक्समध्ये क्रमांक एक हे मोठ्या जबाबदारीचे पद आहे. आईबाप गेलेल्या पोरक्या प्रक्रियांची अखेरची विल्हेवाट त्याने लावायची असते. ‘आता थांब’ हा इशारा त्याने स्वतः ऐकण्याची तजवीज केली नसेल तर गाभा तो इशारा त्याच्यापर्यंत परिणामकारकपणे पोचू देत नाही. आणि तो मेला की आतील सगळेच संपते. साधा संकेतस्थळाचा प्रोग्रॅम या पदासाठी लिहिलेला नसतो. परिणाम असा की कंटेनर थांबवण्याची आज्ञा दिल्यावर काहीच घडत नाही, दहा सेकंद जातात आणि मग डॉकर त्याला सक्तीने संपवतो, त्या वेळी अर्धवट लिहिलेला व्यवहार तसाच तुटतो. दहा सेकंदांची ही नेमकी दिरंगाई दिसू लागली की जाणकार लगेच ओळखतो की क्रमांक एकच्या खुर्चीवर चुकीचा इसम बसला आहे. तेथे एक छोटा, केवळ राखणदारी करणारा प्रोग्रॅम बसवून खऱ्या सेवेला त्याच्या हाताखाली चालवणे हा यावरचा रूढ उपाय आहे.

साधनांच्या वाटपाची गोष्ट नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला शहरी अभियंत्यापेक्षा लवकर कळावी. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर कालव्याचे पाणी पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, दिले जाते आणि संस्थेच्या वाट्याला आलेले पाणी सभासदांत कसे वाटायचे हे संस्था ठरवते. लिनक्सचे सीग्रुप याच तत्त्वावर चालतात: मर्यादा एकेका प्रक्रियेवर नसते, प्रक्रियांच्या गटावर असते, आणि गटाने आपल्या स्मृतीचा, प्रक्रियकाच्या वेळेचा वाटा आपसात वापरायचा असतो. फरक एवढाच की स्मृतीचा कोटा ओलांडला आणि परत मिळवण्याजोगे काही उरले नाही, तर गाभा दंड करत बसत नाही, गटातील एखाद्या प्रक्रियेला मारूनच टाकतो. यातून उद्भवलेला एक घोटाळा बराच काळ गाजला. जावा भाषेतील प्रोग्रॅम सुरू होताना यंत्रात एकूण स्मृती किती आहे हे पाहून स्वतःचा वाटा ठरवत असत. कंटेनरच्या आतून पाहिले तरी त्यांना गटाचा कोटा न दिसता संपूर्ण यंत्राची स्मृती दिसे. चौसष्ट जीबीच्या यंत्रावर दोन जीबीचा कोटा मिळालेली सेवा स्वतःला सोळा जीबीची धनी समजून खर्च करू लागे आणि काही वेळाने, कोणतीही तक्रार न नोंदवता, मरून पडे. २०१८ मध्ये जावाच्या दहाव्या आवृत्तीने कोटा वाचायला शिकून घेतले आणि त्याच वर्षी जुन्या आठव्या आवृत्तीतही ती दुरुस्ती आली.

सातपूरच्या ईएसडीएस कंपनीचे नाव ज्या उत्पादनामुळे झाले त्याचा संबंध या वाटपाशीच आहे. ‘एनलाइट’ या तिच्या क्लाउड व्यवस्थेत चालू व्हीएमची स्मृती आणि प्रक्रियकांची संख्या मागणीनुसार जागच्या जागी वाढवता-घटवता येते, आणि या पद्धतीसाठी कंपनीला परदेशी पेटंट मिळालेले आहे. मागणी वाढली की नवी यंत्रे शेजारी उभी करणे ही आडवी वाढ, आणि आहे तेच यंत्र मोठे करणे ही उभी वाढ. नाशिकच्या अर्थव्यवस्थेला हे चढउतार परके नाहीत: द्राक्षांच्या निर्यातीची नोंद ठेवणाऱ्या अपेडाच्या ‘ग्रेपनेट’सारख्या सेवेवर जानेवारी ते एप्रिल या हंगामात जी वर्दळ असते ती पावसाळ्यात नसते. मात्र उभी वाढ मिळाली म्हणून आतील सेवा आपोआप मोठी होते असे नाही. माहितीसाठ्याच्या सेवेला तिच्या मांडणीच्या फाइलीत चार जीबीच वापर असे लिहून ठेवले असेल, तर व्हीएमला सोळा जीबी दिल्यावरही ती चारच वापरते; घर वाढले, ताट तेवढेच राहिले. यंत्र वाढवणाऱ्याने आणि सेवा चालवणाऱ्याने एकमेकांशी बोललेच पाहिजे ते येथे, आणि प्रत्यक्षात ही दोन माणसे बहुतेक वेळा दोन वेगळ्या संस्थांत नोकरीला असतात.

देखरेखीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे ऐकतात, पण विश्वास ठेवतात तो दुतोंड्या मारुतीवर: पाणी मूर्तीच्या कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले. हे माप धरणाच्या दारावर नसून पाणी जेथे लोकांना भिडते तेथे आहे, हे त्याचे सामर्थ्य. सेवेची तब्येतही तशीच तपासावी लागते. प्रक्रिया जिवंत आहे एवढे पाहणे म्हणजे धरणावरचा आकडा. ती जिवंत असूनही माहितीसाठ्याची वाट पाहत गोठलेली असू शकते. म्हणून २०१४ मध्ये गूगलने खुल्या केलेल्या कुबरनेटीस या, अनेक यंत्रांवरील कंटेनर हाकणाऱ्या, व्यवस्थेत दोन वेगळे प्रश्न ठेवले आहेत: ‘जिवंत आहेस का’ आणि ‘पाहुणे घ्यायला तयार आहेस का’. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले तर कंटेनर पुन्हा सुरू केला जातो, दुसऱ्याचे आले तर त्याच्याकडे पाहुणे पाठवणे तेवढे थांबवले जाते. या दोहोंची गल्लत करणे महागात पडते. माहितीसाठा मंदावला असताना पहिल्याच प्रश्नात त्याची चौकशी घुसवली तर सगळे निरोगी कंटेनर एकाच वेळी मारून पुन्हा उठवले जातात आणि उठताक्षणी आधीच दमलेल्या माहितीसाठ्यावर एकदम तुटून पडतात.

कंटेनर हे तात्पुरते घर आहे, ही गोष्ट शब्दांनी मान्य करूनही वागण्यात विसरली जाते. सिंहस्थात तपोवनात साधुग्राम वसते, त्याला रस्ते, नळ, दिवे सगळे असते, आणि पर्वणी आटोपल्यावर ते उठते. कोणी तेथे तिजोरी पुरून ठेवत नाही. कंटेनरच्या आत लिहिलेली प्रत्येक फाइल तो काढून टाकल्यावर जाते, म्हणून माहितीसाठा, ग्राहकांच्या फाइली आणि नोंदवह्या, म्हणजे लॉग, यांची जागा आवाराबाहेर, यजमानावर किंवा दुसऱ्या साठवणीत, ठरवून द्यावी लागते. लॉगच्या बाबतीत दुहेरी फजिती होते. ते आत ठेवले तर सेवा का मेली याचा पुरावा तिच्याबरोबरच नाहीसा होतो; बाहेर सोडले तर डॉकरची मूळ मांडणी त्यांना कोणतीही मर्यादा घालत नाही, आणि एक बडबडी सेवा काही महिन्यांत यजमानाची सारी तबकडी भरून शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांना उपाशी ठेवते. आडाचे पाणी एकानेच उपसावे तसा हा प्रकार असून, लॉगच्या फाइलीला कमाल आकार आणि संख्या लिहून देणाऱ्या दोन ओळींनी तो टळतो.

महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या जानेवारीत सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केल्यापासून सरकारी खात्यांच्या सेवा अशा सामायिक यंत्रांवर नेण्याचा मार्ग अधिकृतपणे मोकळा झाला आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी गर्दी, वाहने, निवास, हरवलेली माणसे अशा कितीतरी कामांच्या सेवा ऐनवेळी उभ्या कराव्या लागतील. त्या उभ्या करणे आता काही मिनिटांचे काम आहे. मेळा संपल्यावर त्या उतरवताना मात्र कोणाला तरी यादी हातात घेऊन बसावे लागते: कोणत्या कंटेनरसाठी कोणते पोर्ट पब्लिश केले होते, कोणत्या नावाला कोणता पत्ता जोडला होता, तात्पुरत्या कंत्राटदाराला बावीस क्रमांकाची कोणती किल्ली दिली होती. साधुग्रामातील तंबू उठला नाही तर तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून दिसतो. पब्लिश केलेले पोर्ट कोणालाच दिसत नाही, आणि त्याच्यामागची सेवा, जिचे नाव ठेवणारा माणूस केव्हाच दुसऱ्या कामावर गेलेला असतो, यंत्र पुन्हा सुरू झाले की इतरांबरोबर तीही आपोआप उठून ऐकत बसते.